अंगावर पाजताना दुखतंय? आधी बघा, कधी दुखतं आणि कसं दुखतं

माझी मोठी मुलगी पाच दिवसांची होती, बाहेर पाचवीच्या पूजेची गडबड चालली होती, सटवाईसाठी कागद-पेन मांडून ठेवलं होतं आणि मी आतल्या खोलीत कडी लावून, पायाचे अंगठे आवळून तिला पाजत बसले होते. उजव्या बोंडाला आडवी चीर गेली होती, त्यातून रक्त येत होतं, ती तोंड उघडून जवळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. आणि आई, मावशी, आत्या सगळ्या एकच सांगत होत्या, पहिल्यांदा दुखतंच गं, आठ दिवसांनी सवय होते. प्रेमानेच सांगत होत्या, त्यांना पण कोणीतरी तसंच सांगितलेलं. पण ते बरोबर नाहीये. थोडं हुळहुळणं वेगळं आणि रडायला येईल असं दुखणं वेगळं, आणि दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याला जवळजवळ नेहमी काहीतरी कारण असतं, ते सापडलं की बऱ्याचदा एक-दोन दिवसात फरक पडतो. आता दोन बाळंतपणं झाल्यावर, दोन्ही वेळेला वेगवेगळ्या कारणाने दुखल्यावर, जे कळलं ते सगळं लिहून ठेवतेय. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन धरून रात्री तीन वाजता कोणीतरी हे वाचत असेल हे मला माहितीये, म्हणून आधी तुमच्या कामाचं.

आत्ता या क्षणी खूप दुखत असेल तर बाळाला ओढून काढू नका, त्याने चीर अजून वाढते. हात धुतलेले असतील तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत घाला, हिरड्यांच्या मधे, बारीक टक असा आवाज येईल, पकड सुटेल, मग बाजूला करा. दोन मिनिटं श्वास घ्या, बाळ रडलं तरी चालेल, आणि परत नीट लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी दहा वेळा लावा, चुकीच्या पकडीवर दात खाऊन वीस मिनिटं काढण्यापेक्षा ते बरं.

कधी दुखतं?

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नाही, आणि खरं तर सगळं उत्तर यातच असतं. दोन दिवस फक्त लक्ष ठेवा.

फक्त सुरुवातीला दुखतं, बाळाने ओढल्यावर अर्धा-एक मिनिट, आणि मग थांबतं, आणि बाळ पहिल्या आठवड्यातलं आहे, तर ते बहुतेक नुसतं ताणल्यामुळे असतं, पहिल्या दोन आठवड्यात आपोआप जातं. पाजत असताना पूर्ण वेळ दुखतं, तर पकड चुकतेय. पाजून झाल्यावर दुखायला लागतं, आग होते, टोचतं, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर पुढे लिहिलंय. पाजत नसतानाही एकाच जागी दुखतं, हात लावला तरी दुखतं, तिथे कडक किंवा लाल झालंय, तर दूध अडकून सूज आलीये. आणि छातीत नाही तर ओटीपोटात कळा येत असतील, पाळीसारख्या, तर घाबरू नका, बाळ ओढतं तेव्हा शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय पण आकुंचन पावतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त असतात, काही दिवसांत थांबतात.

अजून एक गोष्ट, बाळाने सोडल्या सोडल्या बोंडाकडे बघा. गोल आणि जसं आत गेलं तसंच बाहेर आलं तर छान. तिरकं, चपटं, नवीन लिपस्टिकचं टोक कसं एका बाजूने उतरतं असतं तसं दिसलं, किंवा टोकावर पांढरी रेघ दिसली, तर ते बाळाच्या टाळूच्या कडक भागावर चेपलं जातंय. तोंडात वर जीभ लावून बघा, पुढे कडक लागतं आणि मागे गेलं की मऊ होतं. बोंड त्या मऊ जागेपर्यंत गेलं पाहिजे. पुढेच राहिलं तर दर वेळेला जीभ आणि कडक टाळू यांच्यामधे दळलं जातं, दिवसातून आठ ते बारा वेळा, मग चीर पडणारच ना.

पकड, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

बाळ बोंड चोखत नाही, बाळ छाती तोंडात घेतं, बोंड नुसतं आतमधे असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. बोंडाभोवतीचा काळसर भाग असतो त्याचा बराचसा हिस्सा आत गेला पाहिजे, आणि सगळीकडून सारखा नाही, खालच्या ओठाच्या बाजूचा जास्त आणि वरच्या ओठाच्या बाजूचा कमी.

मी कसं करते ते सांगते. समजा डाव्या बाजूला पाजायचंय. पाठीला लोड किंवा भिंत, मांडीवर उशी, खांदे सैल. बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं, नाहीतर आठ दिवसात मान आणि पाठ पण जाते. बाळ उजव्या हाताने धरायचं, त्याचं अंग माझ्या उजव्या हातावर, पोट माझ्या पोटाला चिकटलेलं, कान खांदा आणि कंबर एका रेषेत. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ नीट चिकटत नाही, म्हणून पाजताना दुपटं सोडा, थंडी असली तर वरून पांघरा. उजव्या हाताचा तळवा बाळाच्या खांद्यांच्या मधे आणि अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेपाशी, डोक्यावर नाही. डाव्या हाताने छाती खालून धरायची, इंग्रजी यू अक्षरासारखा हात, अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला आणि बोटं हनुवटीच्या बाजूला, काळसर भागाच्या जरा मागे, आणि हलकं चेपायचं.

आपण वडापाव कसा खातो बघा, वरून-खालून जरा चेपतो, मान किंचित मागे करतो, खालचा जबडा आधी लावतो आणि मग वरचा. बाळाला पण अगदी तेच करू द्यायचंय. बोंड बाळाच्या तोंडासमोर नाही, नाकासमोर ठेवा. वरच्या ओठावर हळूच घासा. वाट बघा. बाळ चिमणीएवढं तोंड उघडेल, तेव्हा लावू नका, परत घासा, जांभई आल्यासारखं मोठं उघडेल, त्या सेकंदाला खांद्यापासून बाळाला आपल्याकडे पटकन आणा, हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि बोंड टाळूच्या दिशेने वर सरकत आत गेलं पाहिजे. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं किंवा नुसतं टेकलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. गालाला खळी पडत असेल किंवा टक टक आवाज येत असेल तर परत लावा. आधी पटापट ओढेल, मग पान्हा आला की ओढणं संथ होतं आणि गिळल्याचा आवाज येतो, तो आवाज ऐकला ना की माझे खांदे आपोआप खाली यायचे.

माझ्या पहिल्या वेळेला वॉर्डमधल्या एका बाईंनी बाळाचं डोकं मागून धरून सरळ छातीवर दाबलं होतं, आणि मग घरी पण मी तेच करत राहिले कारण मला वाटलं असंच करतात. डोकं दाबलं की बाळाची हनुवटी त्याच्याच छातीला टेकते, तोंड मोठं उघडूच शकत नाही (तुम्ही पण मान खाली घालून मोठ्ठा आ करून बघा, होत नाही), वर बाळ घाबरून मागे रेटतं. तुमच्याकडे कोणी मदतीला आलं आणि डोकं दाबायला लागलं तर सरळ सांगा की मावशी मानेला धरा, डोक्याला नको. एवढं बोलायचा हक्क बाळंतिणीला आहे.

ही आडव्या हाताची पकड, क्रॉस क्रेडल म्हणतात तिला, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या आरोग्य आणि पोषणाच्या व्हिडिओंमधे मराठीत सविस्तर दाखवलीये, बाळंतपणाच्या आधीच बघून ठेवा, नंतर बघायला वेळ मिळत नाही. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांवर बाळ नको म्हणून काखेखाली धरायची पद्धत बरी पडते, बाळाचे पाय आपल्या पाठीकडे. किंवा कुशीवर झोपून. किंवा नुसतं मागे रेलून बाळाला पोटावर पालथं टाका, बरीच बाळं स्वतःच शोधत येतात आणि छान पकडतात.

बोंड सपाट किंवा आत गेलेलं असेल तर लगेच बाटली आणू नका. इथे एक साधा उपाय आहे जो आपल्या शेजारी कर्नाटकात दावणगिरीच्या डॉक्टरांनी १९९३ साली लिहून प्रसिद्ध केला, आणि अजूनही ठिकठिकाणी शिकवतात. नवीन, न वापरलेली १० किंवा २० मिलीची सिरिंज घ्यायची, सुई अर्थातच नाही, जिथे सुई लागते ते पुढचं टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि न कापलेली गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवायची, म्हणजे खरखरीत कड अंगाला लागत नाही. मग दट्ट्या हळूहळू मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट तसाच धरायचा, सोडायचा. पाजण्याच्या आधी दोन-तीन वेळा. दुखलं तर कमी ओढा, जोर तुमच्या हातात आहे. काढताना दट्ट्या जरा पुढे ढकलून हवा सोडा आणि मगच सिरिंज उचला. पहिली वेळ नर्सताईंसमोर करून बघा.

पकड सगळी बरोबर, तरी दुखतं, बोंड तिरकंच येतं, बाळ रडलं की जीभ वर जात नाही किंवा टोकाला बदामासारखी खाच दिसते, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. टंग टाय म्हणतात. प्रत्येक बाळाचा कापावा लागत नाही, आधी कोणीतरी पाजताना बघितलं पाहिजे, नुसतं तोंड उघडून बघून ठरवायचं नाही.

चिरा पडल्याच असतील तर

पकड सुधारणं हेच औषध, क्रीम त्यानंतर. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब काढून बोंडाला लावा, वाळू द्या, मग शुद्ध लॅनोलिनचं मलम मिळतं मेडिकलमधे ते पातळ लावा, ते पुसावं लागत नाही. खोबरेल तेलही चालतं. साबण नको, डेटॉल नको, घरातली अँटिसेप्टिक क्रीम नको, ती बाळाच्या पोटात जातात. आणि मध तर अजिबात नको, बोंडाला पण नाही आणि बाळाच्या जिभेवर चाटवायला पण नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आपल्याकडे मध चाटवायची पद्धत आहे हे मला माहितीये, आमच्याकडे पण वाटी तयार होती, मी हात जोडून नाही म्हणाले.

ओलसर ब्रा पॅड तासन्‌तास ठेवू नका. कापड चिकटलं तर ओढू नका, पाण्याने ओलं करून सोडवा. कमी दुखणाऱ्या बाजूने आधी पाजा म्हणजे बाळाचा पहिला जोर तिकडे जातो. दुधात थोडं रक्त गेलं, बाळाने गुलाबी उलटी काढली तरी तुमच्या चिरेतलं रक्त बाळाला सहसा अपाय करत नाही, मी ती उलटी बघून रात्री दीडला डॉक्टरांना फोन लावला होता. आणि एखाद्या बाजूने अगदीच सहन होत नसेल तर एक दिवस त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) पाजा, पण काढायचं मात्र चुकवू नका. चार-पाच दिवसात भरत नसेल, पिवळट खपली धरली, पाणी-पू आला, तर दाखवा.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल खूप भीती असते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात, दुधात अगदी थोड्या उतरतात. दम्याचा, किडनीचा, अल्सरचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको, ॲस्पिरिन दुखण्यासाठी नको. डॉक्टरांना डोस विचारून घ्या आणि घ्या, उगाच सोसू नका.

छाती दगडासारखी झाली

सुरुवातीचे दोन दिवस चीक असतो, थोडा पण लाखमोलाचा, तो काढून टाकायचा नाही. मग दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरतं आणि कधी कधी इतकं दाटतं की काखेपर्यंत गाठी, अंग कसकसतं, कातडी चकचकीत ताणलेली. हे नुसतं दूध नसतं, सूज पण असते, सलाईन जास्त लागलेलं असेल तर अजून जास्त. काळसर भागच कडक झाल्यामुळे बाळाला पकडताच येत नाही, ते घसरून नुसतं टोक चावतं आणि मग वर लिहिलेलं सगळं दुखणं सुरू होतं.

तेव्हा पाजायच्या आधी हे करा. दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या मुळाशी गोल ठेवा आणि सरळ आत, छातीच्या हाडाकडे, दाबून धरा, एक मिनिट, दुखणार नाही एवढंच. बोटं जरा फिरवून परत एक मिनिट. तिथली सूज मागे सरकते आणि बोंडाभोवती मऊ कडं तयार होतं, बोटांचे खड्डे उमटलेले दिसतील. लगेच बाळाला लावा. जमलं नाही तर थोडं दूध हाताने काढा, अंगठा आणि बोट काळसर भागाच्या कडेला, आधी मागे छातीकडे दाबायचं मग एकमेकांकडे, मग सोडायचं, कातडीवर घासायचं नाही. पूर्ण रिकामं करायला जाऊ नका, फक्त मऊ होईपर्यंत, जास्त काढलंत तर शरीराला वाटतं एवढं लागतंय आणि उद्या अजून बनवतं.

पाजून झालं की गार. इथे घरात वाद होणार, बाळंतिणीला गार लावायचं नाही, दूध गोठेल, बाळाला सर्दी होईल. माझ्या सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की आई, पाय मुरगळल्यावर आपण बर्फ लावतो ना सुजेला, ही पण सूजच आहे, आणि दूध आत शरीराच्या उबेतच राहतं. पटलं त्यांना, मग त्या स्वतःच रुमालात बर्फ गुंडाळून आणून द्यायला लागल्या. दहा-पंधरा मिनिटं, कापडावरून, थेट कातडीवर नाही. कोबीची गार पानं पण लावतात, बरं वाटत असेल तर लावा, त्यात जादू काही नाही. पाजण्याच्या अगदी आधी दोन मिनिटं कोमट पाण्याचा शेक चालतो, पान्हा यायला मदत होते, पण दिवसभर शेकत बसलं की सूज वाढते.

आणि मालिशवाल्या मावशींना विनंती करून थांबवा. आपल्याकडे बाळंतिणीच्या अंघोळीत कढत पाण्याचे तांबे छातीवर मारतात आणि गाठी फोडायच्या म्हणून जोरात रगडतात. पाठ, पाय, कंबर जितकी रगडायची तितकी रगडा, छातीला नाही. गाठ म्हणजे अडकलेला दुधाचा खडा नसतो जो दाबून फुटेल, सुजलेल्या भागाने नळ्या बाहेरून दाबल्या गेलेल्या असतात, रगडलं की सूज अजून वाढते, आतले नाजूक भाग फाटतात. हे नुसतं माझं मत नाही, पूर्वी डॉक्टर पण जोरात मसाज करा, जास्त पाजा, पंपाने रिकामं करा असं सांगायचे, २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने सूचना बदलल्या, आता गार शेक, सुजेची गोळी, आराम, आणि बाळाला भुकेप्रमाणे नेहमीसारखं पाजणं, असं आहे. हात फिरवायचाच तर मांजरीच्या अंगावरून फिरवावा इतका हलका, बोंडाकडून काखेकडे.

गाठ, लाली, ताप

माझ्या जावेला बाळ तीन आठवड्यांचं असताना एके दुपारी हुडहुडी भरली. सगळ्यांना वाटलं मलेरिया. अंग दुखतंय, डोकं दुखतंय, ताप १०२, आणि संध्याकाळी अंघोळीला गेली तेव्हा दिसलं की डाव्या छातीला बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा लाल गरम पट्टा. तिला आठवलं की आदल्या दिवशी लग्नाला गेल्यामुळे दोन वेळचं पाजणं चुकलं होतं आणि ब्लाऊज घट्ट होता. याला मॅस्टायटिस म्हणतात.

यात सगळ्यात मोठी चूक होते ती म्हणजे पाजणं बंद करणं, दूध खराब झालंय असं म्हणून. दूध खराब होत नाही, बाळाला देता येतं, आणि अचानक थांबवलं तर पू होण्याची शक्यता वाढते. पाजत राहा, गार शेक, गोळी, पाणी, झोप. पट्टा असेल आणि ताप नसेल तर चोवीस तास हे करून बघा. कमी होत नसेल, किंवा ताप १०१ च्या वर जाऊन थंडी वाजते, किंवा बोंडाला चीर आहे आणि वर हे झालंय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजणाऱ्या आईला चालतील अशी अँटिबायोटिक्स असतात, कोर्स साधारण दहा ते चौदा दिवसांचा, दोन दिवसात बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. जाऊबाईंनी चौथ्या दिवशी सोडला, परत उलटला, आणि मग पू झाला, सोनोग्राफी करून सुईने काढावा लागला. काढल्यावर पण दुसऱ्या दिवसापासून ती पाजत होती.

आणि गाठ जी दोन आठवड्यात जात नाही, किंवा एकाच बोंडावर खवले, खाज, जखम जी काही केल्या भरत नाही, ती दूधाचीच असेल असं समजून बसू नका, सोनोग्राफी करून घ्या, पाजत असताना ती करता येते.

पाजून झाल्यावर दुखतं ते

हे माझ्या दुसऱ्या बाळंतपणातलं. डिसेंबर, नाशिकची थंडी. पकड छान होती, बोंड गोल यायचं, तरी बाळाने सोडलं की दोन मिनिटात अशी ठणक सुरू व्हायची की जणू कोणी सुई खुपसतंय, अर्धा तास. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी बुरशी असेल म्हणून मलम दिलं, बाळाच्या तोंडात पण औषध, तीन आठवडे लावलं, काडीचा फरक नाही. मग एकदा पहाटे ट्यूबलाइटच्या उजेडात मी नीट बघितलं, बाळाने सोडलं आणि बोंड माझ्या डोळ्यासमोर पांढरं फटक पडलं, मग जांभळट, मग लाल. मी मोबाईलवर फोटो काढले, तिन्ही रंगांचे, आणि ते दाखवले तेव्हा कुठे निदान झालं, रक्तवाहिन्या आकसतात, व्हॅसोस्पाझम. थंडीत ज्यांची बोटं पांढरी पडतात त्यांना हे जास्त होतं, मला कॉलेजपासून व्हायचं, पण कोण जोडणार हे दोन.

याला उब लागते, वरच्या सुजेच्या अगदी उलट. बाळाने सोडलं की त्या क्षणी झाका, कोरडा गरम रुमाल, लोकरीचा कपडा, नाहीतर तळहाताने दाबून धरा. मी इस्त्रीने गरम केलेला सुती रुमाल कुशीत ठेवूनच पाजायचे. अंघोळीनंतर गार हवेत उभं राहू नका, वाळू द्यायला उघडं ठेवणं हे इथे चालत नाही. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या अजून आकसतात, म्हणजे सिगारेट तर आहेच पण आपल्याकडे बायका मिश्री लावतात ती पण, आणि ते निकोटीन दुधातून बाळाला पण जातं, तेव्हा मिश्री सोडाच. एवढं करून थांबलं नाही तर डॉक्टर निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देतात. आणि पकड चुकत असेल तर त्या चेपण्यामुळे पण असंच पांढरं पडतं, म्हणून आधी पकड बघायचीच.

खरी बुरशी पण असते. ती जळजळते, बोंड गुलाबी चकचकीत दिसतं, खाज येते, आधी काही त्रास नसताना मधेच सुरू होतं, बऱ्याचदा अँटिबायोटिक्स घेतल्यावर. बाळाच्या गालाच्या आतून, जिभेवर पांढरे डाग असतात जे पुसून जात नाहीत. तेव्हा आई आणि बाळ दोघांना एकाच वेळी औषध लागतं, एकालाच दिलं तर परत एकमेकांना लागत राहतं. चोखणी असेल तर ती रोज उकळा.

अजून एक-दोन

पंपाने दुखत असेल तर जोर कमी करा, आणि छातीला लावायची फनेल बदलून बघा, बोंड मधल्या नळीत मोकळं मागेपुढे झालं पाहिजे, कडेला घासतं किंवा काळसर भाग पण आत ओढला जातो तर माप चुकलंय. जास्त जोराने जास्त दूध येत नाही.

दात आल्यावर चावतं ते बहुतेक शेवटी, पोट भरल्यावर, खेळताना, कारण नीट ओढत असताना जीभ खालच्या हिरडीवर असते, तेव्हा चावता येतच नाही. चावलं तर किंचाळून मागे ओढू नका, उलट बाळाला छातीकडे जवळ घ्या, श्वासासाठी ते तोंड उघडतं, किंवा करंगळी. मग शांतपणे बंद करा, नाही म्हणा. महिने झाले काही त्रास नव्हता आणि अचानक बोंडं दुखायला लागली तर पाळी येणार असेल किंवा परत दिवस गेले असतील, तेही तपासा.

दाखवायला जाताना

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई घरी येतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्यांचं ते कामच आहे, त्यांना नुसतं बाळाचं वजन करून जाऊ देऊ नका, समोर पाजून दाखवा. शहरात असाल तर लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे पाजायला शिकवणाऱ्या तज्ज्ञ, शोधा, मोठ्या हॉस्पिटलात प्रसूती विभागात चौकशी केली तर मिळतात. फोनवर पकड कळत नाही, माझे तीन आठवडे फोनवरच गेले.

जाताना बाळाला अगदी पोटभर पाजून नेऊ नका, भूक लागायच्या बेताला पोचा म्हणजे तिथेच पाजून दाखवता येईल. पाजून झाल्या झाल्या बोंडाचा फोटो काढून ठेवा, रंग आणि आकार दोन्ही दिसेल असा. कधी दुखतं ते एका कागदावर लिहून न्या, सुरुवातीला की पूर्ण वेळ की नंतर, एका बाजूला की दोन्हीकडे, ताप किती आणि कधी. बाळाने दिवसात किती वेळा शू केली ते पण, पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवी. आणि डॉक्टरांनी न बघताच पाजणं बंद करा, वरचं सुरू करा असं सांगितलं तर एकदाच विचारा, तुम्ही मला पाजताना बघता का?